तिसऱ्या पाटावरची सुपारी

दोन वर्षं माझ्या माहेरी माझ्या नवऱ्याच्या जागी एक सुपारी जेवत होती.

सानगडीच्या आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, पहिली पंगत जवायांची. बाकी गाव आता हातात प्लेट घेऊन उभ्यानं जेवतं, पण जवाई पाटावर. घरच्या चार पोरी दिलेल्या, म्हणून चार पाट. चारही पाट भरल्याशिवाय कोणाच्या पत्रावळीत भाताचं शीत पडत नाही. एखादा जवाई आजारी असला किंवा परगावी अडकला, तर त्याच्या पाटावर सुपारी ठेवायची आणि तिच्यासमोर सगळं वाढायचं. भात, वरण, वांग्याची भाजी, बुंदी. आग्रहही करायचा. पंगत उठली की ती पत्रावळ गाईपुढे जाते.

तिसरा पाट धनराजचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. तो आजारी नव्हता आणि परगावीही अडकला नव्हता. तो लाखांदूरला आमच्या घरी कालचं वरण गरम करून खात होता, कारण त्याला बोलावणं नव्हतं. बोलावण्याशिवाय जवाई सासऱ्याच्या दारात जात नाही. मी जायचे, खुशीला कडेवर घेऊन, आणि सुपारीकडे न बघता वाढायचे. एकदा मीच तिला मठ्ठा वाढला.

आम्ही ढिवर. माझे बाबा केवळराम, सानगडीच्या तलावावर सोसायटीचं मोठं जाळं त्यांच्या हाताखाली पडतं. जाळं पाण्यातल्या खुंटाला अडकलं की कोणीतरी बुडी मारून सोडवावं लागतं, आणि ते काम लग्नानंतर धनराजकडे आलं. तो बुडाला की बाबा पाळीवर, तलावाच्या बांधावर, उभे राहून ओठातल्या ओठात मोजायचे. "माझा जवाई शंभराच्या आत वर येत नाही," हे त्यांनी साकोलीच्या बाजारात ओळख नसलेल्या माणसालाही थांबवून सांगितलं होतं.

मग लाखांदूरच्या भैय्याजींनी नागपूरच्या एका मोडलेल्या बँडकडून मशकबाजा आणला. काखेत धरायची कातडी पिशवी, तिला चार नळ्या. त्यांचा बँड आठ जणांचा, पण ती पिशवी एकालाही भरता येईना. क्लॅरनेटवाल्याला चक्कर आली. धनराज तिथं मासोळी विकायला गेला होता. त्यानं टोपलं खाली ठेवलं, नळी तोंडात धरली आणि पिशवी एका झटक्यात भरली. भैय्याजींनी त्या दिवशी सगळी मासोळी घेतली आणि धनराजही घेतला.

त्या वर्षी मोठ्या ओढणीच्या दिवशी, म्हणजे सोसायटीचं जाळं ओढायच्या दिवशी, धनराजची पवनीला लग्नात वाजवायची तारीख होती. जाळं अडकलं, बुडी मारायला कोणी नव्हतं, ओढता ओढता ते मधोमध फाटलं. बाबा आठ दिवस ओसरीवर बसून जाळं सांधत होते. "ज्या दमानं मासोळी धराची, तो दम पिशवीत भरते," एवढंच आईला म्हणाले. भांडण वगैरे झालं नाही. पुढच्या कार्यक्रमाला तिसऱ्या पाटावर सुपारी आली.

गेल्या वर्षी एका बारशात खुशीनं विचारलं, "बाबा कुठं बसले?" ती तेव्हा अडीच वर्षांची होती. माझ्या रुखमिणी आत्यानं पाटाकडे बोट केलं. "ते काय तुहे बाबा." खुशी गेली, सुपारीसमोर बसली आणि हातातल्या नेलपॉलिशनं तिला एका बाजूनं लाल रंग लावून दिला. सगळे हसले. बाबा हसले नाहीत. पंगत उठल्यावर त्यांनी सुपारी उचलली. मला वाटलं, उकिरड्यावर टाकायला नेली.

बँडच्या घागऱ्यांचं सगळं यानंतरचं.

यंदा फेब्रुवारीत भैय्याजी मोबाईल घेऊन आमच्या अंगणात आले. मोबाईलमध्ये कुठल्यातरी दूरच्या शहरातला बँड होता, मशकबाजावाले, आणि सगळ्यांनी गुडघ्यापर्यंतचे चौकड्याचे स्कर्ट घातले होते.

"वहिनी, याले किल्ट म्हणते," भैय्याजी म्हणाले. "मशकीसंग हेच शोभते. नऊ शिवून द्या."

"बाप्ये घालतीन?"

"मी घालन नं सगळ्यात पहिले."

कापड त्यांनी आधीच घेतलं होतं. साकोलीच्या एका दुकानात लाल-हिरव्या चौकड्याचा अख्खं ठाण पडून होतं, कारण एका इंग्रजी शाळेनं पोरींचा युनिफॉर्म बदलला होता. हे भैय्याजींनी मला सांगितलं, बँडला सांगितलं नाही.

मी दुपारी शिवायचे. खुशीला मशीनच्या आवाजाची सवय आहे. मशीन चालू असली की ती झोपते, थांबली की उठते. त्यामुळे कापायचं असलं, उसवायचं असलं, तरी एक पाय पायडलवर ठेवून मशीन नुसती फिरती ठेवावी लागते. उसवणं पुष्कळ झालं. मी पहिले चार पोरींच्या स्कर्टसारखे शिवले, चुण्या चहूबाजूंनी. भैय्याजींनी पुन्हा मोबाईल दाखवला. समोरून सपाट पाहिजे, चुण्या फक्त मागं. मी चारही उसवले. दोन्ही हातांनी उसवत होते, पाय पायडलवर, आणि खुशी मशीनच्या बाजूला तोंडात बोट घालून झोपली होती. तिच्या कपाळावर घामानं केस चिकटले होते. ते बाजूला करायला मला तिसरा हात पाहिजे होता.

आत काळी हाफपँट असते. हा प्रश्न पुढे इतक्या जणांनी विचारला की इथंच सांगून टाकते.

शिवून झालं, तेव्हा कळलं की शिवणं हा सोपा भाग होता. नऊ बाप्ये आमच्या अंगणात घागरे घालून उभे राहिले आणि कोणीच बसायला तयार होईना. ढोलवाला कैलाश पाठ भिंतीला लावून उभा होता.

"बसा नं," मी म्हटलं.

"कसं?"

मी चटई टाकली आणि बसून दाखवलं. आधी मागच्या चुण्या हातानं सावडायच्या, मग खाली. मांडी घालायची नाही. पाय मुडपून दोन्ही गुडघे एका अंगाला घ्यायचे. खाली काही पडलं तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघे जुळवून खाली बसायचं आणि तसंच उठायचं. गाडीत चढताना सगळ्यात शेवटी चढायचं. धनराज म्हणाला, सगळेच शेवटी कसे चढतील. मग असं ठरलं की भैय्याजी मालक आहेत, ते शेवटी.

खुशी मध्ये उभी राहून बघत होती. "कैलाशकाका, मांडी नाही," ती म्हणाली. "आजी ओरडते."

कैलाशनं मांडी मोडली. तो सहा फुटांचा आहे. थोडा वेळ त्यानं एका अंगाला बसून पाहिलं, मग मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही हे सगळं रोज ध्यानात ठेवता?"

"हो."

"आन् काम बी करता?"

"हो."

त्यानं मागच्या चुण्या पुन्हा एकदा सावडल्या.

वाऱ्याचा प्रश्न उरला होता. मशक वाजवणाऱ्याचे दोन्ही हात अडकलेले असतात, कापड धरणार कोण. मोबाईलमधल्या लोकांच्या कमरेला समोर एक पिशवी लोंबत होती. मी उरलेल्या रेग्झीनच्या नऊ पिशव्या शिवल्या. त्यात सगळ्यांनी तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या ठेवल्या. खर्ऱ्याच्या वजनानं समोरची बाजू बरोबर खाली राहते.

एप्रिलच्या शेवटी भैय्याजींनी मे महिन्याच्या तारखा वाचून दाखवल्या. बारा तारखेला सानगडी. नवरदेव अनुप, लाखांदूरचाच. नवरी माझ्या जागेश्वर काकांची धाकटी.

"मी नाही येत," धनराज म्हणाला.

"मग मशक कोण वाजवन? मी?"

"कोणी बी वाजवा. सासरवाडीत घागरा घालून नाही जात मी. बोलावणं नाही."

"तुले बोलावणं नसन. बँडले हाय," भैय्याजी म्हणाले.

भैय्याजी गेले, आम्ही जेवायला बसलो. तो खुशीला भरवत होता. एक घास तिला, एक घास बाजूच्या पाटावर खुशीनं ठेवलेल्या सुपारीला, असा त्यांचा खेळ आहे. हा खेळ खुशीनंच काढला आणि त्यानं कधी मोडला नाही. मी बघत होते आणि मनात ठरवत होते. आजवर तो एसटीनं तासभर दूर असायचा. या वेळी तो मांडवापासून दहा पावलांवर असणार होता. दहा पावलांवरच्या माणसाच्या जागी बाबा सुपारी ठेवतील का? ठेवली, तर ती मग कायमची. असं झालं तर खुशी मोठी होईपर्यंत तिचा बाप तिच्या आजोळी सुपारीच राहील.

"जा तुम्ही," मी म्हटलं. "मी पिशवीत पँट-शर्ट देते. वरात मांडवाला लावली की उतरायला दिलेल्या शाळेत जाऊन बदला. बोलावलं तर तयार राहाल."

"आन् नाही बोलावलं तर?"

"तर पँट घालून बँडसंग जेवा."

मी काळी पँट आणि आकाशी शर्ट इस्त्री करून पिवळ्या पिशवीत घातले. माहेरी कोणाला काही सांगितलं नाही.

वरात जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरली. तिथून मांडवापर्यंतचा रस्ता तलावाच्या पाळीवरून आहे, आणि पाळीवर सकाळी दहालाही वारा असतो. मी मांडवाकडून बायकांसोबत वरातीला सामोरी गेले. आधी सूर आला. मशकीचा सूर लांबून येतो, आणि कुठून येतो ते कळत नाही. मग ते नऊ जण दिसले. समोर धनराज, गाल फुगलेले, दोन्ही हात नळीवर, खर्ऱ्याची पिशवी आपलं काम करत होती. कैलाशला समोरून ढोल होता. मागून देवाचा भरवसा होता.

पुलियाच्या कठड्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं भैय्याजींना थांबवलं. "कापड कमी पडलं काय गा?"

"नाही बापा. फॅशन हाय."

"बरं बरं. पुरं झालं की या."

साकोलीच्या त्या इंग्रजी शाळेतली एक पोरगी जोरात म्हणाली, "हा तर आमचा जुना स्कर्ट हाय." दुसरी म्हणाली, "आमच्या घरी त्यानं फरशी पुसतेत." बँडच्या आठ जणांनी भैय्याजींकडे बघितलं. भैय्याजी पुढे बघत होते. वाजवणं थांबलं नाही, हे मला आवडलं.

पोट्ट्यांनी मोबाईल काढले. माझ्या बाजूची एक काकू म्हणाली, "धानाच्या रोवणीत आमचं लुगडं याच्याहून वर रायते, तवा कोणी फोटो नाही काढत." दुसरीनं मला विचारलं, एकाला कापड किती लागलं असेल. मी म्हटलं, चुण्यांमुळे जास्त लागतं. तिनं माझ्याकडे जरा बारकाईनं बघितलं.

ऊन चढलं होतं. अनुप जाड मखमली कोटात होता, त्याचे मित्र टाय लावून. एकानं ढोलाच्या बाजूला चालत हळूच कैलाशला विचारलं, "हवा लागते काय?"

"लागते."

"बरी?"

"बरी."

मांडवाच्या दारात बाबा उभे होते. कोरं धोतर, खांद्यावर दुपट्टा. वरात दारात थांबली की बँडनं एक पूर्ण गाणं वाजवायचं असतं, तोवर कोणी आत जात नाही. बाबांनी आधी घागरे बघितले, मग गुडघे, आणि मग समोरच्या माणसाचं तोंड. एरवी असं समोर आल्यावर जवायानं वाकून पाया पडायचं. धनराजच्या तोंडात नळी होती, हात अडकलेले होते, आणि कमरेतून वाकायचं नाही हे मीच शिकवलं होतं. तो वाजवत राहिला. डोळे बाबांवर होते, कारण दुसरीकडे न्यायला जागा नव्हती.

बाबांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, शिव्या देऊन राहिले. थोड्या वेळानं लक्षात आलं. ते मोजत होते.

मशकीचा सूर तुटत नाही. हवा पिशवीत असते, वाजवणारा मधे श्वास घेतो तरी नळ्या वाजतच राहतात. हे मला माहीत होतं. बाबांना माहीत नव्हतं. ते पाळीवर मोजायचे तसं मोजत होते, माणूस वर येईपर्यंत. शंभर गेलं असेल, दोनशे गेलं असेल. गाणं संपेना. बाबांच्या भुवया वर वर जात होत्या. गाणं संपलं, सूर तुटला, तेव्हा त्यांनी स्वतःच मोठा श्वास घेतला आणि बाजूला झाले.

लग्न अकरा चाळीसला लागलं. त्यानंतर मी खुशीला कडेवर घेऊन शाळेकडे पोचले, तर धनराज दारात उभा, अजून घागऱ्यातच.

"पिशवी?"

"गाडीत होती."

"गाडी?"

"राहिलेले पाव्हणे आणाले लाखांदूरले गेली."

आम्ही दोघांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. मग तो म्हणाला, "तू जा. पंगत मांडून राहिले." त्याच्या आवाजात काही नव्हतं. त्यानं खुशीच्या नाकाला बोट लावलं आणि बँडमागं मांडवासमोरच्या आंब्याखाली जाऊन उभा राहिला.

मांडवात चार पाट मांडले होते, पत्रावळी लागल्या होत्या. मोठा जवाई बसला, दुसरा बसला, चौथा बसला. बाबांनी चंची सोडली, सुपारी काढली आणि तिसऱ्या पाटाकडे वाकले.

"केवळराम," रुखमिणी आत्या म्हणाली. ती बाबांची मोठी बहीण. घरातले नियम तिच्याकडे असतात. "ते सुपारी कोणाची गा?"

"तिसऱ्या जवायाची."

"तिसरा जवाई तर आंब्याखाली उभा हाय."

"तो पोराकडून आला. बाजावाला म्हणून आला."

"आला नं?"

"तसा आला."

"मग? आलेला माणूस आलेला असते. कोणाकडून आला, ते सुपारी पुसत नाही. हजर माणसाची सुपारी ठेवाची म्हणजे काय, तो मेला समजाचं काय?"

"दादा, भात थंडा होऊन राहिला," जागेश्वर काका हळूच म्हणाले. नवरदेवाकडची माणसं प्लेटा हातात धरून थांबली होती. त्यांना नियम माहीत नव्हता, पण काहीतरी नियम आहे हे कळलं होतं.

बाबा सुपारी हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी आंब्याकडे न बघता म्हटलं, "आन् तसल्या घागऱ्यात पाटावर बसता येते काय? वाढाले बायका हायेत."

हे मात्र सगळ्यांना पटलं. आत्यानंही मान डोलावली. मांडवातली सगळी माणसं आंब्याखाली बघायला लागली आणि मनातल्या मनात धनराजला पाटावर बसवून बघायला लागली. ते त्यांना जमत नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं.

"येते बसता," मी म्हटलं.

माझा आवाज मोठा निघाला. खुशी कडेवर दचकली.

"तुले काय माहीत?" बाबा म्हणाले.

"मीच शिकवलं. शिवले बी मीच, नऊच्या नऊ."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मागून आई आली, बेबीबाई, वरणाची बादली हातात, पदर कपाळापर्यंत. आई जवायासमोर बोलत नाही, पण जवाई आंब्याखाली होता, त्यामुळे बोलता येत होतं. "मले वाटलंच होतं," ती म्हणाली. "कमरेची शिवण तुयीच हाय."

"मग सांग त्याले," बाबा म्हणाले. "बस म्हणा."

मी जागची हलले नाही. ते माझं काम नव्हतं. जवायाला पाटावर बोलवायचं तर सासऱ्यानं लोटा घेऊन जायचं, पाय धुवायला पाणी घालायचं, मग आणायचं. बायकोनं हाक मारली तर ते बोलावणं होत नाही. आंब्याखाली कैलाशनं धनराजला कोपर मारलं. मांडवात इतकं शांत होतं की धनराज हळू बोलला तेही ऐकू आलं.

"बोलावणं येऊ दे."

आत्यानं पितळी लोटा भरला आणि बाबांच्या पायाशी ठेवला. मागं सरकून ती खांबाला टेकली, म्हणजे आता तिला काही घाई नव्हती.

बाबा लोट्याकडे बघत होते. मग बाबांनी सुपारी डाव्या मुठीत धरली, उजव्या हातानं लोटा उचलला आणि चालायला लागले. मी दहा पावलं समजले होते. त्यांना चौदा लागली.

आता पाय धुवायचे तर बूट काढावे लागणार. घागऱ्याखाली भैय्याजींनी सगळ्यांना फुटबॉलचे लांब मोजे दिले होते, गुडघ्याखालपर्यंत. धनराज वाकला नाही. त्यानं मागच्या चुण्या सावडल्या, गुडघे जुळवले आणि सरळ खाली बसला. एक नाडी सोडली, दुसरी सोडली, मोजे गुंडाळत गुंडाळत उतरवले. पुष्कळ वेळ लागला. कोणीतरी हसलं, आत्यानं तिकडे बघितलं, ते थांबलं. बाबा लोटा धरून उभे होते. त्यांचं स्वतःचं धोतर वाऱ्यानं मांडीपर्यंत उडत होतं, आणि ते त्यांच्या किंवा कोणाच्याच लक्षात नव्हतं.

धनराज उठला. बाबांनी पायावर पाणी घातलं.

"तीनशे बारा," बाबा म्हणाले.

"काय, मामाजी?"

"तीनशे बारा मोजले मी. मधात एकडाव बी सूर नाही तुटला."

मी मनात म्हटलं, आता गप्प राहा. पण धनराजला खोटं मोठेपण घेता येत नाही.

"तो माहा दम नाही, मामाजी. हवा पिशवीतली रायते."

बाबांनी दुसऱ्या पायावर पाणी घातलं. "पिशवीत कोण भरते?"

"मी."

"मग," बाबा म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून पाय पुसायला दिला. "चला."

तिसऱ्या पाटावर धनराज जसं शिकवलं तसा बसला. चुण्या सावडून, पाय मुडपून, दोन्ही गुडघे एका अंगाला. पाटावर बायका बसतात तसा. दुसऱ्या जवायानं सरकून जागा दिली आणि स्वतःची मांडी जरा नीट केली. ओला दुपट्टा धनराजच्या हातातच होता. बाबांनी तो घेतला, झटकला आणि त्याच्या गुडघ्यांवर पसरला.

"आता वाढा," ते म्हणाले.

पहिला भात बाबांनी वाढला. मी वरण घेऊन गेले. नवऱ्याला रोजच वाढते, पण थोडं वरण दुपट्ट्यावर सांडलं. त्यानं वर बघितलं नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. खुशी माझ्या कडेवरून उतरली आणि त्याच्या पत्रावळीसमोर जाऊन बसली. तिनं पाट नीट बघितला, बापाच्या दोन्ही बाजूंनी बघितला.

"सुपारी कुठं गेली?"

"आजोबापाशी," तो म्हणाला आणि तिच्या तोंडात बुंदी घातली. मग सवयीनं दुसरा घास बाजूला धरला. तिथं कोणी नव्हतं म्हणून तो त्यानं स्वतः खाल्ला.

गाय त्या दिवशी मांडवाकडे दोनदा बघून गेली.

पंगत उठली. जवाई हात धुऊन विडे खात उभे होते. धनराजनं बूट घातले होते, विदाईचं वाजवायचं होतं. बाबांची डावी मूठ अजून मिटलेली होती. एका हातानं त्यांनी एवढा भात कसा वाढला, देव जाणे.

"टाकून दे ते आता," आत्या म्हणाली. "नाहीतर फोडून वाट."

बाबांनी मूठ उघडली. सुपारी गुळगुळीत झाली होती, चंचीत घासून घासून काळपट चमकत होती. आणि एका बाजूला लाल होती. नेलपॉलिश निम्मं उडालं होतं, पण होतं. खुशीनं लगेच ओळखलं. "माझे बाबा," ती म्हणाली, बाप बाजूलाच उभा असताना.

बाबांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"पुढच्या बुधवारी मोठीच्या पोराचं जावळ हाय," ते धनराजला म्हणाले. "या."

धनराजनं भैय्याजींकडे बघितलं. भैय्याजींनी पिशवीतून खर्रा बाजूला करून डायरी काढली, पान उलटलं, मान हलवली.

"तारीख हाय, मामाजी," धनराज म्हणाला. "अड्याळले."

"सकाळची का संध्याकाळची?"

"सकाळची."

बाबांनी थोडा विचार केला. मग चंची उघडली, सुपारी आत ठेवली आणि दोरी ओढली.

"मग राहू दे हे," ते आत्याला म्हणाले. "बुधवारी लागन."